पुण्याचे वाहनतळ धोरण

पुण्याचे वाहनतळ धोरण हे रस्त्यांवर व सार्वजनिक वाहनतळांवर वाहने उभी करण्याची जागा आणि शुल्क ठरवणारे पुणे महानगरपालिकेचे धोरण आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने ते मंजूर केले. मात्र तीव्र विरोधामुळे मूळ प्रस्तावातील शुल्क कमी करण्यात आले आणि अंमलबजावणी प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरती मर्यादित ठेवण्यात आली.

पार्श्वभूमी

त्याच वर्षी शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. शहराची अंदाजे लोकसंख्या तेव्हा ३५ लाख होती. वाहनांमध्ये दुचाकींचा वाटा सर्वाधिक आहे. पेठांमधील अरुंद रस्त्यांवर 'पी-१, पी-२' ही जुनी पद्धत आहे: सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूस, तर विषम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहने उभी करायची. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांची गैरसोय तिने समान वाटली जाते. वाहने मात्र कमी होत नाहीत. शहरातील जमीन मौल्यवान असल्याने वाहनतळ शुल्कात तिचे मूल्य दिसावे, अशी भूमिका २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने घेतली होती.

वाहतूक व इंधन

रस्त्यावरची जागा फुकट किंवा स्वस्त आणि इमारतीतील वाहनतळ महाग असेल, तर चालक रिकाम्या जागेच्या शोधात फेऱ्या मारत राहतो. या फेऱ्यांचे मोजमाप अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी लॉस एंजेलिसमधील वेस्टवुड व्हिलेज या व्यापारी भागात केले. अवघ्या १५ चौकांच्या परिसरात अशा फेऱ्यांचे अंतर वर्षाला सुमारे १५ लाख किलोमीटर भरले आणि त्यात अंदाजे पावणेदोन लाख लिटर पेट्रोल जळले. प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या राहतील इतके शुल्क असावे, असे शूप यांनी सुचवले होते. पुण्यातील विरोधकांचा आक्षेप वेगळा होता: सार्वजनिक बससेवा अपुरी असताना दुचाकीवर अवलंबून असलेल्या सामान्य माणसावर हा भार का? हा आक्षेप निराधार नव्हता.

इतर उपाय

मुंबईत शुल्काऐवजी दंडावर भर दिला गेला. जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरातील बेकायदा पार्किंगला किमान ५,००० रुपये दंड लावण्यात आला. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नव्या इमारतींत वाहनतळ राखावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील परंड्यासारख्या छोट्या नगरपरिषदांनाही ही नियमावली लागू आहे. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी 'पादचारी दिना'निमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला होता.