ऑन्टारियो ज्युनिअर ए लॅक्रोस लीग

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील तरुण खेळाडूंची बॉक्स लॅक्रोस स्पर्धा. प्रांताच्या लॅक्रोस असोसिएशनच्या नियंत्रणाखाली ती दर उन्हाळ्यात खेळली जाते. वयोमर्यादा परंपरेने २१ वर्षांची आहे. विजेत्या संघाला इरोक्वॉय ट्रॉफी मिळते. या वयोगटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणजे मिंटो चषक. त्याच्या स्पर्धेत हाच संघ प्रांताच्या वतीने उतरतो.

लॅक्रोसमध्ये टोकाला जाळी असलेल्या काठीने कडक रबरी चेंडू झेलतात, फेकतात आणि पळवतात. मैदानी लॅक्रोस गवतावर, दहा-दहा खेळाडूंमध्ये चालतो. बॉक्स लॅक्रोस आइस हॉकीच्या रिंकमध्ये, बर्फ काढल्यावर उरलेल्या काँक्रीटवर खेळतात आणि गोलरक्षक धरून एका बाजूला सहाच खेळाडू असतात. उन्हाळ्यात हॉकीची सभागृहे ओस पडत. ती भरावीत म्हणून १९३१ मध्ये माँट्रियलच्या हॉकी व्यावसायिकांनी हा प्रकार पुढे आणला. काही वर्षांतच कॅनडात त्याने मैदानी खेळाला मागे टाकले.

सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. चेंडू ताब्यात आला की ३० सेकंदांत गोलावर फटका मारावा लागतो. कबड्डीच्या चढाईलाही एवढाच अवधी असतो, आणि घड्याळाची तीच घाई इथे दर क्षणी जाणवते. गोल चार फूट रुंद आणि चार फूट उंच. जाड चिलखत घातलेला गोलरक्षक तो जवळजवळ झाकूनच टाकतो. त्यामुळे नुसता जोर उपयोगी पडत नाही. खांद्याने एक दिशा दाखवून चेंडू दुसरीकडे सोडण्याची हातचलाखी इथल्या खेळाडूंनी फार वरच्या दर्जाला नेली आहे. बॉक्स लॅक्रोसचे खरे सौंदर्य तेच.

मिंटो चषक कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांनी १९०१ मध्ये दिला. हेच मिंटो १९०५ ते १९१० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे आणि टिळकांच्या मंडालेच्या शिक्षेच्या काळामुळे हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. चषक सुरुवातीला प्रौढ संघांसाठी होता. १९३७ पासून तो ज्युनिअर गटाकडे आला.

ऑन्टारियोच्या ज्युनिअर लॅक्रोसमधील सर्वांत मोठा पराक्रम ओशावा ग्रीन गेल्स या संघाचा. प्रशिक्षक जिम बिशप यांच्या हाताखाली त्याने १९६३ ते १९६९ असा सलग सात वर्षे मिंटो चषक जिंकला. पुढे पीटरबरोने १९७२ ते १९७५ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली. गेल्सचा तारा होता गेलॉर्ड पाउलेस, ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स वसाहतीतला मोहॉक तरुण. १९६४ आणि १९६७ मध्ये तो मिंटो चषकाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

पाउलेसच्या या मानाला खेळाच्या इतिहासात वेगळे वजन आहे. लॅक्रोस मुळात मूलनिवासींचा. मोहॉक हे ज्या हॉडेनोसॉनी राष्ट्रसंघाचे घटक आहेत, तो राष्ट्रसंघ या खेळाला निर्मात्याने दिलेली देणगी मानतो. आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जातो. माँट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी १८६० च्या दशकात त्याचे नियम बांधले आणि १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने मूलनिवासी खेळाडूंना व्यावसायिक ठरवून अजिंक्यपदाच्या सामन्यांतून बाहेर काढले. खेळ ज्यांचा, त्यांनाच दार बंद करणारा तो निर्णय उघड अन्याय होता. बॉक्सच्या स्थानिक संघांमधून मूलनिवासी खेळाडूंना पुन्हा मोठी जागा मिळाली.

सिक्स नेशन्सचा स्वतःचा संघ, ॲरोज, याच लीगमध्ये खेळतो. त्याने १९९२ मध्ये मिंटो चषक जिंकला, पुढे २००७, २०१४, २०१५ आणि २०१७ मध्येही. एका वसाहतीच्या मुलांनी मोठमोठ्या शहरांच्या संघांना मागे टाकून मिळवलेले हे यश लीगच्या इतिहासात मानाने नोंदवावे असे आहे. ॲरोजमधून पुढे आलेल्या कोडी जेमिसनने २००९ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठासाठी जादा वेळेत गोल करून अमेरिकेचे महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून दिले.

लीगमधील इतर संघ बहुतेक टोरोंटोच्या आसपासच्या शहरांचे आहेत: ऑरेंजव्हिल, व्हिटबी, ब्रॅम्प्टन, सेंट कॅथरिन्स, बर्लिंग्टन. हिवाळ्यात हॉकी आणि उन्हाळ्यात लॅक्रोस हा तिथल्या अनेक मुलांचा वार्षिक क्रम असतो. कॅल्गरी फ्लेम्सचा नामवंत हॉकीपटू जो न्यूवेंडाइक व्हिटबी वॉरियर्सकडून लॅक्रोस खेळला होता आणि मिंटो चषकाचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला होता. वयोमर्यादा ओलांडलेले खेळाडू प्रौढांच्या मान चषकाच्या संघांकडे वळतात. त्यांतील निवडक व्यावसायिक नॅशनल लॅक्रोस लीगपर्यंत पोहोचतात.