एडिंबरा फ्रिंज : नाटकवेड्या मंडळींसाठी माहिती



स्कॉटलंडची सहल म्हटली की आपली यादी ठरलेली असते: किल्ला, लॉक नेस, हायलँड्सची बस. ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्यातले दोन दिवस काढून फ्रिंजसाठी ठेवा. (स्पेलिंग काहीही असो, उच्चार 'एडिंबरा'च्या जवळचा. 'एडिनबर्ग' म्हटलंत तरी कोणी तिकीट नाकारत नाही!)

१९४७ साली, महायुद्ध संपल्यावर, एडिंबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्याचं आमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था तिथे आपणहून येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. एकीने तर नदीपलीकडच्या डनफर्मलिन अॅबीत नाटक केलं. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने या प्रयोगांना उद्देशून 'फ्रिंज', म्हणजे कडेचं, झालरीचं, असा शब्द वापरला आणि तोच चिकटला. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. तेव्हापासूनचा तिचा मुख्य नियम असा, की कार्यक्रमांची निवड सोसायटी करत नाही. जागा मिळवा, नोंदणीचे पैसे भरा, प्रयोग करा.

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे पचायला जड जातं. प्राथमिक फेरी नाही, परीक्षक नाहीत, मग दर्जाचं काय? दर्जा अर्थातच वरखाली असतो, आणि कधीकधी फारच खाली! त्यापेक्षा छबिलदास आठवा. १९७४ पासून दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने जे चालवलं, तसे शेकडो हॉल एकाच वेळी एका गावात चालू आहेत अशी कल्पना करा. २०१९ मध्ये इथे ३,८०० हून अधिक कार्यक्रम झाले आणि ३० लाखांच्या आसपास तिकिटं गेली. २०२० मध्ये करोनामुळे महोत्सव रद्द झाला, पण नंतर गर्दी पुन्हा परतली. २०२४ मध्ये २६ लाख तिकिटं खपली.

इथून निघालेली नावं मोठी आहेत. टॉम स्टॉपर्डचं 'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी इथे केलं आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरने उचललं. 'फ्लीबॅग' २०१३ मध्ये इथे एकपात्री म्हणून झालं. 'सिक्स' हे संगीतक २०१७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी आणलं होतं. दिल्लीतल्या घटनेवरचं याएल फार्बर दिग्दर्शित 'निर्भया' हेही २०१३ मध्ये इथेच, असेंब्ली हॉलमध्ये झालं. भारतीय अभिनेत्री त्यात स्वतःच्या आयुष्यातले अनुभव सांगत होत्या.

आता व्यवहाराचं. बहुतेक प्रयोग तासाभराचे असतात, त्यामुळे दिवसात चार आरामात बसतात आणि पाच धावतपळत. पण वेळापत्रक आखताना नकाशावर विश्वास ठेवू नका. जुनं शहर दुमजली आहे. जॉर्ज फोर्थ ब्रिज वरून जातो आणि काउगेट त्याच्या पोटाखालून. नकाशात दोन ठिकाणं चिकटलेली दिसतात, प्रत्यक्षात मधे सत्तर-ऐंशी पायऱ्या! दोन प्रयोगांमध्ये निदान पाऊण तास ठेवा. उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. 'ट्रॅफिक होतं हो' इथे चालत नाही. बाबागाडी असेल किंवा आईबाबा सोबत असतील तर जिन्यांची चौकशी आधी करा. जॉर्ज स्क्वेअरचा परिसर त्यातल्या त्यात सपाट आहे.

काय पाहावं? सर्वांत मोठा वाटा स्टँडअप विनोदाचा आहे. नाटकच हवं असेल तर ट्रॅव्हर्स आणि समरहॉल इथून सुरुवात करा. प्लेझन्स, असेंब्ली, अंडरबेली, गिल्डेड बलून ही मोठी नावं, तिथे सगळंच मिळतं. रॉयल माइलवर कलाकार स्वतः पत्रकं वाटत असतात. त्यांना दोन मिनिटं बोलतं करा, नाटक कसं असेल याचा अंदाज येतो. पोस्टरवरचे पाच तारे मात्र कोणी दिलेत ते वाचून घ्या. सुरुवातीच्या दिवसांतले प्रीव्ह्यू स्वस्त असतात. १९९६ पासून 'फ्री फ्रिंज'ही आहे, म्हणजे प्रवेश मोफत आणि शेवटी दाराशी बादली. नाणी टाकून निसटू नका, त्या माणसाने घरभाडं त्यातूनच द्यायचं असतं. मुलांच्या कार्यक्रमांना वयाची सूचना दिलेली असते आणि ती खरी माना. संध्याकाळनंतरचे विनोदी कार्यक्रम मुलांसोबत नकोतच.

राहणं हा सगळ्यात महाग भाग आहे. विद्यापीठाची वसतिगृहं उन्हाळ्यात भाड्याने मिळतात, पण लवकर भरतात. दुसरा मार्ग ग्लासगोत राहण्याचा. ट्रेनने साधारण तासाभरात पोहोचता येतं. २४ जुलै २०२६ पासूनच्या एडिंबरातल्या मुक्कामावर ५ टक्के पर्यटक कर आहे, तोही सलग पहिल्या पाच रात्रींपुरताच.

मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न दर दोन वर्षांनी निघतो: आपण आपलं नाटक तिथे का नेऊ नये? नेता येतं, आणि माझ्या मते न्यावं, पण हिशेब मांडून. आपली तीन अंकी नाटकं तिथे बसणार नाहीत. एकांकिका मात्र त्या तासाच्या चौकटीत अगदी चपखल बसते. दोन प्रयोगांच्या मधे सेट लावायला-काढायला पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, तेव्हा दिवाणखान्याचा नेपथ्यसंच विसरा. दोन खुर्च्या आणि एक पेटी पुरे. तांत्रिक तालीमही काही तासांचीच मिळते. मराठीतून करायचं तर पडद्यावर इंग्रजी ओळी हव्यात, नाहीतर प्रेक्षक आपलेच चाळीसजण. काही जागा ठोक भाडं घेतात, काही तिकिटांतला वाटा, काही दोन्ही. बहुतेक संस्था पदरचे पैसे घालून येतात आणि पहिल्या आठवड्यात रिकाम्या खुर्च्यांसमोर काम करतात. म्हणून पूर्ण तीन आठवड्यांऐवजी पाच-सहा दिवसांचे प्रयोग घ्यावेत. तेही कामावर रजा मिळतील त्या बेताने, कारण आपल्यातले निम्मे नट ऑगस्टमध्ये रिलीजवर असतात!

मुंबई-पुण्याचे कलाकार बोलवायचे असतील तर एक सोय आहे. फ्रिंज ब्रिटिश सरकारच्या 'परमिट-फ्री' महोत्सवांच्या यादीत आहे, म्हणजे निमंत्रित कलाकार साध्या व्हिजिटर व्हिसावर येऊन प्रयोग करू शकतात. व्हिसाला मात्र वेळ लागतो, आणि चांगल्या जागांची बोलणी आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात. म्हणजे संहिता दिवाळीच्या आसपास ठरलेली हवी.