दगडातला गॅस आणि दाभोळला लागलेलं जहाज

  

30 मार्च 2018. दाभोळच्या टर्मिनलला ‘मेरिडियन स्पिरिट’ नावाचं जहाज लागलं. पोटात द्रवरूप गॅस, थेट अमेरिकेतल्या लुइझियानातून आलेला. हो, तेच एन्रॉनवालं दाभोळ, पण एन्रॉनसाठी वेगळा एपिसोड लागेल. आजचा प्रश्न असा, की इंधनासाठी हात पसरणारी अमेरिका विकायला कधी लागली?

ऑक्टोबर 1973. युद्धात इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पंपांवर लांबच लांब रांगा. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवर सांगून टाकलं, 1980 पर्यंत आपण स्वयंपूर्ण होणार. 1980 उजाडलं, निक्सन कधीच घरी गेले होते आणि आयात चालूच!

इथे एन्ट्री होते जॉर्ज मिचेल यांची. वडील ग्रीसमधून आलेले, तिकडे शेळ्या राखायचे. टेक्सासमधल्या ‘बार्नेट शेल’ या खडकात गॅस आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण खडकाची छिद्रं इतकी बारीक, की गॅस बाहेरच येईना. 1981 पासून मिचेल तिथे विहिरी खणत राहिले. दाबाने घट्ट जेल आत सोडायचं, खडक फोडायचा. खर्च निघेना. (हे जेल कशाचं माहितीये? आपल्या गवारीच्या बियांचं! 2012 मध्ये राजस्थानातल्या गवारीचे भाव असे भडकले, की वायदेबाजार थांबवावा लागला.)

1998 मध्ये त्यांच्याकडचे इंजिनिअर निक स्टाइन्सबर्गर यांनी जेल जवळजवळ काढूनच टाकलं. भरपूर पाणी, थोडी वाळू, किंचित रसायनं. स्वस्तही पडलं आणि गॅसही जास्त आला. 2002 मध्ये डेव्हन कंपनीने मिचेल यांची कंपनी विकत घेतली आणि विहिरी जमिनीखाली आडव्या वळवल्या. मग गाडी सुसाट. एकट्या जिद्दी माणसाने इतिहास घडवला, असं सांगायला छान वाटतं. पण सत्तरच्या दशकापासून सरकारने संशोधनावर पैसा ओतला होता, करसवलतही दिली होती. ते कुणी फारसं सांगत नाही.

दाभोळचा गॅस जिथून निघाला ते साबीन पास टर्मिनल 2008 मध्ये सुरू झालं, तेही गॅस आयात करायला! 2016 मध्ये तिथूनच निर्यात सुरू.

आणि ज्यांच्या घराशेजारी विहिरी खणल्या, ते? बार्नेटवरच वसलेल्या डेंटन शहराने नोव्हेंबर 2014 मध्ये मतदान करून फ्रॅकिंग बंद केलं. काही महिन्यांतच टेक्सास सरकारने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. बंदी गेली, विहिरी पुन्हा सुरू.

2020 मध्ये अमेरिकेने वर्षभरात तेल आणि तेलाचे पदार्थ आयातीपेक्षा जास्त निर्यात केले. निक्सन यांची तारीख चाळीस वर्षांनी गाठली म्हणायची. पण भाव जगाच्या बाजारातच ठरतो. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जून 2022 मध्ये अमेरिकेतलं पेट्रोल सरासरी 5 डॉलर गॅलनच्या वर गेलं. टेक्सासवाल्यांनीही टाकी भरताना खिसे चाचपलेच.