स्वतःला सावरणारा स्विच

आपण फोन लावतो आणि दूर कुठेतरी घंटी वाजते. मधली वाट जोडून देण्याचे काम एकेकाळी एक्स्चेंजमध्ये बसलेल्या ऑपरेटर बायका करत. पुढे ते फिरत्या-सरकत्या यंत्रांकडे गेले. या यंत्रांना स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी त्यांचे साम्य नावापुरतेच.

३० मे १९६५ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, सकासुना या गावी, बेल कंपनीचा एक नव्या जातीचा स्विच कामाला लागला. कोणता फोन कुठे जोडायचा, हे त्याच्या तारांच्या जोडणीवर नव्हे तर स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर, ठरत होते. पण ही आज्ञावलीच अडखळली तर? चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त काळ यंत्र बंद राहता कामा नये, असे अभियंत्यांनी ठरवले होते. म्हणून त्यात दोन नियंत्रक ठेवले. दोघे एकच काम करत आणि उत्तरे ताडून पाहत. उत्तरे जुळली नाहीत की दोष शोधणारी आज्ञावली जागी होई आणि बिघडलेला भाग बाजूला काढी. आज्ञावलीचा मोठा हिस्सा फोन जोडण्यासाठी नव्हताच, तो स्वतःवर पहारा ठेवण्यासाठी होता. वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना याचे नवल वाटू नये!

ही युक्ती फार यशस्वी ठरली. तिचा दुसरा चेहरा दिसायला पंचवीस वर्षे लागली.

१५ जानेवारी १९९० च्या दुपारी न्यूयॉर्कमधल्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. तो ए. टी. अँड टी. या कंपनीचा, लांब पल्ल्याचे फोन जोडणारा स्विच होता. नियमाप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना कळवले, ‘सध्या मला फोन पाठवू नका’, आणि चार-सहा सेकंदांत स्वतःला सावरून तो पुन्हा कामाला लागला. इथवर सारे ठीक.

डिसेंबर १९८९ मध्ये या स्विचमधली आज्ञावली बदललेली होती. ‘मी परत आलो’ असा वेगळा निरोप आता द्यावा लागत नसे. परतलेल्या स्विचकडून पहिला फोन आला की शेजाऱ्याने समजून घ्यायचे आणि आपल्या नोंदीत तसा बदल करायचा. ती नोंद चालू असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा फोन आला तर मात्र शेजाऱ्याच्या स्मृतीतली माहिती बिघडे. लगेच त्याचा पहारेकरी जागा होई, आणि तो स्विचही स्वतःला थांबवून सावरून घेई. परतताना तोही आपल्या शेजाऱ्यांना घाईने फोन पाठवी. मग ते थांबत. साथ पसरावी तसे हे पसरले आणि कंपनीच्या ११४ स्विचना लागले. यांतला एकही खऱ्या अर्थाने मोडलेला नव्हता. प्रत्येक जण आपले औषध वेळेवर घेत होता, आणि त्या औषधातूनच रोग पुढे जात होता.

बेडमिन्स्टर इथल्या देखरेख केंद्रात पडद्यांच्या भिंतीवर लाल खुणा वाढत गेल्या. माणसांना बिघाड दिसत होता, कारण दिसत नव्हते. नेहमीचे उपाय लागू पडेनात. कुणी घातपात केला असावा, अशीही शंका निघाली. अखेर स्विचमधल्या निरोपांचा भार कमी केल्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास जाळे स्थिरावले. या नऊ तासांत कंपनीच्या जाळ्यावरचे निम्म्याहून अधिक फोन लागले नव्हते.

चूक नंतर सापडली. आज्ञावली ‘सी’ भाषेत लिहिलेली होती. अनेक पर्यायांतून एक निवडण्यासाठी त्या भाषेत जी रचना आहे, तिचेही नाव ‘स्विच’च! तिच्या आतल्या एका ‘इफ’मध्ये लिहिणाऱ्याने ‘ब्रेक’ हा शब्द घातला होता. पण ‘ब्रेक’ने केवळ ‘इफ’मधून सुटका होत नाही, आपण अख्ख्या ‘स्विच’ रचनेबाहेर पडतो. त्यामुळे पुढचे आवश्यक काम राहून जाई. चाचण्यांमध्ये दोन निरोप इतक्या लागोपाठ आलेच नसावेत, असे आम्हाला वाटते.

हा प्रकार वर्गात करून पाहता येतो. दहा मुले गोलात बसवा. दोन टाळ्या लागोपाठ ऐकू आल्या की मुलाने पाच आकडे गप्प बसायचे, मग दोन्ही शेजाऱ्यांकडे वळून प्रत्येकासाठी दोन टाळ्या वाजवायच्या. सुरुवात एकानेच करायची. मग दोन टाळ्यांमध्ये तीन आकडे थांबण्याचा नियम घाला आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या.