समुद्राची निळाई आणि प्रवाळांचा उजेड

१९२१ साली विलायतेहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजावरून निकोल प्रिझममधून समुद्र न्याहाळला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारे आकाशाचे तेज रोखूनही निळाई ओसरली नाही. तो रंग आकाशाचे निव्वळ प्रतिबिंब नव्हे. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी मांडले. १९३३ मध्ये रामन बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले.

पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. खोलवर उरतो तो निळा. त्यावरच प्रवाळांच्या ऊतींतील सूक्ष्म शैवाल जगते. १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर मॉरिस यंग यांच्या मोहिमेने प्रवाळ अंधारात ठेवले, तेव्हा त्यांनी हे शैवाल बाहेर टाकले. १९६१ च्या सुमारास जकार्ताचे ली चिन एंग यांनी ऊन, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगवले.

त्या बुडबुड्यांचे मोल मोठे होते. संथ पाण्यात प्रवाळाभोवती निश्चल थर धरतो, वायूंची देवघेव मंदावते आणि प्रखर उजेडात शैवालाने निर्माण केलेला जादा ऑक्सिजन अपायकारक ठरतो. म्हणून उजेड आणि प्रवाह यांचा विचार एकत्रच करावा लागतो. डोळ्यांना भासणारे तेज हे त्याचे माप नव्हे.

आज बंगळूरुतील हौशी माणसाला निळा एलईडी दिवा सहज मिळतो. मात्र २००१ पासून प्रवाळभित्ती रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; समुद्रातून ते काढणे गुन्हा आहे. ही पारख आता मन्नारच्या आखातात कामी येते: तेथे प्रवाळांचे तुकडे रोवताना उजेड पोहोचेल आणि पाणी खेळते राहील, अशीच जागा निवडावी लागते.