टाकाऊ किरणांची मॅमोग्राफी

छातीचा एक्स-रे काढताना मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे किरण ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आधीच गाळून टाकतात. नाहीतर ते शरीरातच जिरतात आणि कातडीला फुकटचा डोस देतात. मॅमोग्राफी उभी राहिली ती याच टाकाऊ किरणांवर.

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये, शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांच्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बारीक काळे ठिपकेही दिसले होते. ते कॅल्शियमचे कण होते, पण कर्करोगाची खूण म्हणून त्यांचं महत्त्व सालोमोन यांना उमगलं नाही. पुढे या ज्यू डॉक्टरला नाझींनी छळछावणीत डांबलं, मग देशच सोडावा लागला. 

काढलेला स्तन तपासणं वेगळं, जिवंत बाईचा वेगळं. चरबी, ग्रंथी, गाठ, सगळंच मऊ. जास्त ऊर्जेचे किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात, आणि समोर चरबी आहे की गाठ याने त्या विखुरण्यात फारसा फरक पडत नाही. ऊर्जा २५-३० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली आली की मात्र मऊ ऊतींत शोषण वरचढ होतं: किरण अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उखडतो आणि स्वतः संपतो. हे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतं, ऊर्जेच्या घनाने घटतं. ऊर्जा निम्मी केली की जवळजवळ आठपट. कार्बन-ऑक्सिजनच्या गर्दीत २० अणुक्रमांकाचं कॅल्शियम मग लपत नाही.

माँटेव्हिडिओचे राऊल लेबोर्न यांनी १९४९ च्या सुमारास कमी व्होल्टेज वापरलं आणि स्तन दाबून धरण्यावर भर दिला. हा दाब आजही बायकांना नकोसा वाटतो, पण तो उगाच नाही: जाडी कमी झाली की विखुरलेले किरण कमी होतात, डोसही घटतो.

खरी करामत स्ट्रासबूर्गच्या शार्ल ग्रो यांची. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी एक्स-रे नळीत, इलेक्ट्रॉन जिथे आदळून किरण निघतात तिथे, टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनमचं लक्ष्य वापरलं. मॉलिब्डेनमचे स्वतःचे ठळक किरण १७.५ आणि १९.६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे, तर त्याचं शोषण एकदम उसळतं ते २० ला. म्हणून या नळीपुढे गाळणीही मॉलिब्डेनमचीच, जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीची, बसवली जाते. ती घरच्या पहारेकऱ्यासारखी आपल्या माणसांना सोडते, २० च्या वरच्या परक्यांना बरंचसं अडवते. काच मृदू किरण गिळते, म्हणून नळीची खिडकी बेरिलियमची.

डिजिटल यंत्रं आली आणि टंगस्टन परतलं, पण ऱ्होडियम किंवा चांदीची गाळणी लावून. संगणकावर चित्राचा उठाव नंतर वाढवता येतो. त्यामुळे जाड, घट्ट स्तनासाठी थोडे कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे किरण वापरून डोस कमी ठेवता येतो.