क्रमशः

मोबाइलवर एखादी मालिकाकथा वाचताना ऐन रंगात 'क्रमशः' आलं की मला हरिभाऊ आठवतात. हरी नारायण आपटे, जन्म 1864. कॉलेजात गेले, पण पदवी काही मिळाली नाही. पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 1885 मध्ये 'पुणे वैभव'मधून आली. आणि 1890 मध्ये, म्हणजे सव्विसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं साप्ताहिकच काढलं: 'करमणूक'.

नावाकडे बघा. पुण्यात 'केसरी' होता, आगरकरांचा 'सुधारक' होता, सगळं गाव वादात गुंतलेलं. अशा गावात हा तरुण उघडपणे करमणूक म्हणतो आणि त्या पाटीखाली 'पण लक्षांत कोण घेतो' छापायला लागतो. ही कादंबरी दर आठवड्याला थोडी थोडी करत 1893 पर्यंत चालली. ती सुरू असतानाच, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढंच त्यात होतं, आणि तेवढ्यावरून पुणं पेटलं होतं.

त्याआधीच्या मराठी कादंबरीत काय चालायचं? 1857 ची 'यमुनापर्यटन' विधवांच्या हालांबद्दल होती, पण तिच्यात धर्मोपदेश फार. 1861 ची 'मुक्तामाला' सगळी अद्भुताच्या वाटेनं गेलेली. हरिभाऊंनी वेगळंच केलं. गोष्ट यमूच्या तोंडी दिली. ती स्वतःचं लहानपण सांगते, माहेर सांगते, मैत्रीण दुर्गीचे हाल सांगते, सासर सांगते. लेखक मध्ये येऊन भाषण देत नाही. नवऱ्याबरोबर मुंबईला गेल्यावरचे तिचे सुखाचे दिवस येतात तोवर आपण तिच्या घरातलेच झालेले असतो, म्हणून पुढचं वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन वाचवत नाही. वादात भाग घेणाऱ्या शंभर लेखांना जे जमत नाही ते इथे एका मुलीच्या बोलण्यानं होतं, असं माझं मत आहे.

लेखकही तेच आणि संपादकही तेच, याचे तोटेही दिसतात. कात्री लावायला कुणी नाही. पाल्हाळ आहे, एकच दुःख तीनदा येतं. अंक भरायचा म्हणून लिहिलेली पानं ओळखू येतात (मी काही ठिकाणी सरळ अंगठा फिरवते). काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण दुसऱ्या कुणाच्या हातात कात्री असती, तर यमूचं हे घरगुती, रेंगाळणारं बोलणं टिकलं असतं का? मला शंका आहे. पहिली कापाकापी तिथेच झाली असती.

'करमणूक'मध्ये ते छोट्या कथाही लिहीत. त्यांना ते 'स्फुट गोष्टी' म्हणत. मराठी लघुकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मला मात्र त्या कादंबरीइतक्या पकडत नाहीत. हरिभाऊंना ऐसपैस जागा लागते.

वाचायची असेल तर सलग वाचू नका. दिवसाला एक-दोन प्रकरणं, बस. ती तशीच वाचली जायची. यमू आणि दुर्गीच्या लहानपणाची प्रकरणं मात्र घाईत उरकू नका, पुढे दुर्गीचं जे होतं ते त्याशिवाय कळत नाही.